दोन महायुद्धांमधल्या काळातील शिल्पाचे जुने छायाचित्र: ओळख, नोंद आणि जतन

पुण्याच्या शिवाजीनगर भागात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी तो घडवला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने या स्मारकाची कोनशिला 19 नोव्हेंबर 1921 रोजी ब्रिटिश युवराज प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसवली गेली, आणि पुतळ्याचे अनावरण त्यानंतर जवळजवळ सात वर्षांनी, जून 1928 मध्ये, मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झाले. तोवर शाहू महाराजांच्या निधनालाही सहा वर्षे झाली होती. तेव्हा एखाद्या छायाचित्राच्या पाठीवर ‘शिवस्मारक, पुणे, 1921’ असे लिहिलेले असेल आणि समोर पूर्ण पुतळा दिसत असेल, तर ती नोंद कोणीतरी नंतर आठवणीने किंवा कोनशिलेवरची तारीख पाहून केलेली आहे, हे निश्चित समजावे.

शिल्पाच्या छायाचित्रात नेहमी किमान दोन वस्तू असतात, एक शिल्प आणि दुसरे छायाचित्र, आणि दोघांचे काळ वेगळे असू शकतात. पुष्कळदा तिसरा काळही असतो, कारण हातातला कागद हा मूळ निगेटिव्हवरून कितीतरी वर्षांनी काढलेला प्रिंट असतो. साधारण 1918 ते 1939 या काळातील अशी छायाचित्रे महाराष्ट्रात घराघरांतल्या अल्बममध्ये, शाळांच्या कार्यालयांत, सार्वजनिक वाचनालयांत आणि संस्थानिकांच्या वाड्यांत अजूनही सापडतात. ती हाताळणाऱ्याने हे तीन काळ एकमेकांत मिसळू देऊ नयेत, यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी: हाताळणी आणि स्कॅन

छायाचित्र हातात आले की पुसण्याचा मोह आवरावा. या काळातील बहुतेक प्रिंट जिलेटिनच्या थरात चांदीचे कण धरून ठेवणाऱ्या कागदावरचे आहेत आणि ओल्या फडक्याने जिलेटिन फुगते, चिकटते व सोलून निघते. गडद भागांवर, विशेषतः कडांना, निळसर चांदीसारखी झाक दिसली तर ती धूळ नाही. ते चांदीचे रासायनिक परिवर्तन आहे आणि घासून जात नाही. मऊ, कोरड्या कुंचल्याने वरची धूळ झटकण्यापलीकडे काही करू नये. फोटो काळ्या पुठ्ठ्याच्या अल्बमवर डकवलेला असेल तर तो उपटू नये, पानासकट स्कॅन करावा, कारण शेजारचे फोटो आणि पानावरचा क्रम हाही पुरावाच असतो.

स्कॅन दोन्ही बाजूंचा हवा. पाठ कोरी दिसत असली तरी ती स्कॅन करावी, कारण पुसट शिक्का पुष्कळदा डोळ्यांना न दिसता स्कॅनमध्ये प्रकाशाची पातळी बदलल्यावर दिसतो. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत स्कॅन करावा, म्हणजे कागदाचा पिवळेपणा आणि शाईचा रंग टिकतो. 600 डीपीआय (इंचामागे 600 बिंदू) आणि टिफ (TIFF) हे फाइल स्वरूप पुरेसे आहे: पावणेपाच बाय साडेसहा इंचांच्या, म्हणजे हाफ प्लेट मापाच्या, प्रिंटचे त्यातून साधारण 2850 बाय 3900 बिंदूंचे चित्र मिळते आणि चबुतऱ्यावरचा लेख मोठा करून वाचता येतो. मूळ टिफ फाइलला पुढे हात लावू नये. उजळ करणे, कापणे वगैरे सर्व काही प्रतीवर करावे.

दुसरी पायरी: नाव देण्याआधी वर्णन

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. फोटोत कोण आहे हे ठाऊक आहे असे वाटत असले तरी आधी फक्त दिसते ते लिहावे: आकृती उभी की बसलेली, कोणता पाय पुढे, हातात काय, डोक्यावर पगडी की पागोटे की जिरेटोप, चबुतरा किती पायऱ्यांचा, मागे भिंत की आकाश, कडेला माणसे आहेत का. ‘शिवाजी महाराज’ असे लिहून टाकले की नजर घोड्याच्या पायांकडे, लगामाकडे किंवा चबुतऱ्याच्या कठड्याकडे जात नाही, आणि नेमक्या याच तपशिलांवरून एका शहरातला पुतळा दुसऱ्या शहरातल्या पुतळ्यापासून वेगळा काढता येतो.

तिसरी पायरी: कागदाचा काळ

सर्वप्रथम भिंगातून पाहावे. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छायाचित्र नसून छापील चित्र आहे, म्हणजे मासिकातून किंवा पुस्तकातून कापलेले. तेही मोलाचे असते, पण नोंद वेगळी करावी लागते. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली प्रिंट धरावा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये आहेत, आणि ती फोटोच्या कागदात 1950च्या दशकापासून वापरात आली, म्हणून असा प्रिंट दोन महायुद्धांमधल्या काळात काढलेला नाही, जरी निगेटिव्ह त्या काळातली असली तरी. उलट कागद चमकला नाही म्हणून तो जुनाच आहे असे सिद्ध होत नाही. हाताला प्लॅस्टिकसारखा लागणारा, न कुरळणारा कागद त्याहूनही अलीकडचा असतो.

फोटो पोस्टकार्डाच्या स्वरूपात असेल आणि टपालाने गेलेला असेल तर तिकिटावर कोणत्या ब्रिटिश राजाचे चित्र आहे ते पाहावे: पाचव्या जॉर्जचा मृत्यू जानेवारी 1936 मध्ये झाला आणि सहाव्या जॉर्जची भारतीय तिकिटे 1937 मध्ये आली. पोस्टाचा शिक्का हा कार्ड पाठवल्याचा दिवस सांगतो, फोटो काढल्याचा नव्हे; तो फक्त शेवटची मर्यादा देतो. स्टुडिओचा शिक्का असल्यास पत्ता जसाच्या तसा उतरवून घ्यावा, कारण स्टुडिओ जागा बदलत आणि पत्त्यावरून काळ बराच अरुंद करता येतो.

काचेची किंवा फिल्मची निगेटिव्ह मिळाली तर ती प्रिंटपेक्षा मोलाची समजावी, आणि फिल्म असल्यास जास्त सावध राहावे. त्या काळातील पुष्कळशी फिल्म नायट्रेटची होती, जी जुनी झाल्यावर चिकट होते, तिला उग्र वास येतो आणि ती अतिशय ज्वालाग्राही असते. कडेवर ‘सेफ्टी’ असे इंग्रजी अक्षरांत छापलेले नसेल आणि फिल्म पिवळी, चिकट झाली असेल तर ती घरात इतर फोटोंसोबत ठेवू नये, बंद डब्यात कोंडू नये आणि जाणकार संस्थेचा सल्ला घ्यावा.

चौथी पायरी: समोर आहे ते माती, प्लास्टर, ब्राँझ की दगड

माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा ही पायरी आहे. त्या काळात मोठा पुतळा एकदम तयार होत नसे. शिल्पकार लोखंडी सांगाड्यावर मातीत आकृती घडवी, तिच्यावर प्लास्टरचा साचा घेई, साच्यातून प्लास्टरची प्रत काढी, आणि त्या प्रतीवरून ब्राँझचे ओतकाम होई किंवा मापे घेऊन संगमरवर कोरला जाई. मातीवरून साचा काढताना मातीची आकृती मोडते. म्हणून स्टुडिओत मातीच्या अवस्थेत घेतलेले छायाचित्र हा त्या अवस्थेचा बहुधा एकमेव पुरावा असतो, आणि शिल्पकार असे फोटो आवर्जून काढून ठेवत, स्मारक समितीला पाठवत आणि अनावरणाच्या बातमीसोबत छापायलाही देत. त्यामुळे वर्तमानपत्रात ‘पुतळा’ म्हणून छापलेले चित्र प्रत्यक्षात मातीचे असण्याची शक्यता नेहमी ध्यानात ठेवावी.

माती ओळखण्याच्या खुणा अशा. पृष्ठभागावर बोटांचे आणि हत्यारांचे ठसे ताजे दिसतात, ओलसर भागावर गडद डाग व मंद चकाकी असते, पायाशी फिरती चौरंगी, लाकडी आधार किंवा ओले फडके दिसते, आणि पाय व चबुतरा यांच्या सांध्यावर माती ढोबळ सोडलेली असते. प्लास्टर सगळीकडे सारखे मलूल पांढरे असते, त्यावर टोकदार चकाकी नसते आणि साच्याचे तुकडे जिथे जुळतात तिथे बारीक उंचावलेल्या रेषा राहतात, ज्या बरगडीच्या बाजूने किंवा मांडीवरून सरळ जाताना दिसतात. ब्राँझवर प्रकाशाचे बारीक, तीव्र ठिपके पडतात. लगाम, तलवार, ताणलेला हात असे पातळ भाग आधाराशिवाय उभे राहतात, आणि उघड्यावर काही पावसाळे काढलेल्या पुतळ्यावर पाण्याच्या ओघळांचे पट्टे दिसतात. दगडाला ही चैन नसते: संगमरवरी उभ्या आकृतीच्या पायामागे झाडाचा बुंधा, वस्त्राचा घोळ किंवा एखादा खांब असतोच, कारण नुसत्या घोट्यांवर एवढे वजन पेलत नाही. सिमेंटही विसरू नये. करमरकरांनी सिमेंटमध्येही शिल्पे घडवली आणि अलिबागजवळ सासवणे येथे त्यांच्या घरातील शिल्पालयात गेल्यास या माध्यमाचा पोत जवळून पाहता येतो. कृष्णधवल फोटोत सिमेंट, दगड आणि रंगवलेले प्लास्टर यांत फरक करायला डोळा असाच तयार करावा लागतो.

सर्वाधिक फसगत होते ती रंगवलेल्या प्लास्टरमुळे. प्रदर्शनात मांडायचे प्लास्टर शेलॅकचा (लाखेच्या रोगणाचा) हात देऊन किंवा ब्राँझच्या रंगाने रंगवून ठेवण्याची पद्धत होती आणि छायाचित्रात ते हुबेहूब ब्राँझ वाटते. अशा वेळी तळाच्या कोपऱ्यांवर टवका उडून पांढरे दिसते का, हे मोठे करून पाहावे.

दुसरी फसगत निगेटिव्हची. त्या काळातील पुष्कळ काचपट्ट्या लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या आणि निळ्याला अतिसंवेदनशील. परिणामी आकाश कोरे पांढरे येते, आणि तांबूस माती, भाजलेली टेराकोटा किंवा गेरूने रंगवलेला पृष्ठभाग वास्तवापेक्षा कितीतरी गडद येतो. म्हणून ‘गडद दिसते म्हणजे ब्राँझ’ हा निष्कर्ष एकट्या छटेवरून कधीही काढू नये. आकृतीभोवतीची पार्श्वभूमी अगदी सपाट पांढरी आणि कडा कापल्यासारख्या दिसत असतील तर निगेटिव्हवर रंग लावून मागचे दृश्य झाकलेले आहे, असे समजावे.

छायाचित्रातून रंग किती हरवतो याचे मोठे उदाहरण बार्सिलोनाचे आहे. 1929च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी वास्तुकार मीस व्हान डेर रोहे यांनी उभारलेल्या जर्मन मंडपातील पाण्याच्या कुंडात शिल्पकार गेओर्ग कोल्बे यांचे ‘सकाळ’ हे स्त्रीशिल्प उभे होते. मंडप 1930 मध्ये पाडला गेला आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जगाने तो आणि त्यातली ती हात उंचावलेली आकृती कृष्णधवल छायाचित्रांतूनच पाहिली. 1980च्या दशकात त्याच जागी मंडप पुन्हा बांधताना आकार आणि प्रमाणे छायाचित्रांतून बऱ्याच अंशी मिळाली, पण त्या करड्या छटांमागचा हिरवा संगमरवर आणि सोनेरी ऑनिक्स त्यांत शोधून सापडणारे नव्हते. छायाचित्र आकाराबद्दल जितके विश्वासू असते तितके द्रव्याबद्दल नसते, हे ध्यानात ठेवून ‘माध्यम’ या रकान्यात शंका असल्यास तसे स्पष्ट लिहावे.

पाचवी पायरी: अनेक प्रतींपैकी कोणती

एका कल्पनेची अनेक शिल्पे असू शकतात. शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी यांनी ‘अवकाशातील पक्षी’ ही मालिका संगमरवर आणि ब्राँझ अशा दोन्ही माध्यमांत वर्षानुवर्षे घडवली. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी त्यांपैकी तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचा बेत होता, त्यासाठी ब्रांकुशी 1937 ते 38च्या हिवाळ्यात इंदूरला येऊन गेले, पण ते मंदिर झाले नाही. आज दोन्ही संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत आणि ब्राँझचा पक्षी अमेरिकेत पॅसाडिना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. ब्रांकुशी स्वतःच्या शिल्पांची छायाचित्रे स्वतःच काढत, आणि ब्राँझवरून उसळणारा प्रकाश ते मुद्दाम इतका तीव्र ठेवत की आकृतीची कड त्यात विरघळते. अशा फोटोवरून ‘हा होळकरांचा पक्षी’ असे ठरवायचे असेल तर पक्ष्याकडे पाहून भागत नाही. तळाशी येणारी निमुळती मान, तिच्याखालचे वर्तुळाकार जोते, त्याखालचे ठोकळे आणि त्यांची रचना यांची तुलना संग्रहालयांनी दिलेल्या मापांशी करावी लागते. हीच रीत आपल्याकडच्या अर्धपुतळ्यांनाही लागू पडते: टिळकांचा एकच अर्धपुतळा अनेक नगरपालिकांत असेल, तर चेहऱ्यावर वेळ घालवण्यापेक्षा खांद्याखालचा काप आणि बैठक आधी पाहावी.

सहावी पायरी: जागा, सावली आणि उलटेपणा

पुतळे जागा बदलतात आणि त्यामुळे काळ ठरवायला मदत होते. मुंबईचा काळा घोडा, म्हणजे जोसेफ बोएम यांनी घडवलेला तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढे सातवे एडवर्ड) 1879चा अश्वारूढ पुतळा, 1965 मध्ये हलवून भायखळ्याला नेण्यात आला. तो मूळ चौकात दिसत असेल तर फोटो त्याआधीचा. असा फोटो 1930चा असला तरी शिल्प त्या काळाचे नाही, हे नोंदीत यायला हवे. गेटवे ऑफ इंडियासमोर शिवरायांचा अश्वारूढ पुतळा दिसत असेल तर फोटो 26 जानेवारी 1961 नंतरचा आहे, कितीही जुना वाटला तरी.

सावली हा दुर्लक्षित साक्षीदार आहे. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर असल्याने जून महिन्यात तिथे सूर्य दिवसभर उत्तरेच्या बाजूने फिरतो आणि सावली सकाळी, दुपारी, संध्याकाळी थोडीफार दक्षिणेकडेच झुकते. शिवस्मारकाच्या एखाद्या फोटोत सावली स्पष्टपणे उत्तरेकडे पडलेली असेल, तर तो जून 1928च्या अनावरण समारंभाचा असू शकत नाही, मग पाठीवर काहीही लिहिलेले असो. पुतळा जागेवर उभा असेल तर फोटो घेऊन तिथे जावे, होकायंत्राने दिशा टिपाव्यात आणि छायाचित्रकार कुठे उभा होता ती जागा शोधावी. तासाभराच्या या कामातून जे कळते ते पुष्कळदा कागदपत्रांतही मिळत नाही.

निगेटिव्ह उलटी धरून प्रिंट काढल्यास डावे उजवे होते. चबुतऱ्यावरचा लेख वाचता येत असेल तर प्रश्नच मिटतो. तो नसेल तर जानवे पाहावे, ते डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीखाली यायला हवे. म्यान बहुधा डाव्या कमरेला असते आणि तलवार उजव्या हातात. उंचीचा अंदाज शेजारी उभ्या माणसावरून घेताना तो माणूस पुतळ्याच्याच अंतरावर उभा आहे याची खात्री करावी, कारण कॅमेऱ्याकडे चार पावले पुढे आलेला माणूस पुतळ्याला बुटका करून टाकतो.

सातवी पायरी: कागदोपत्री पडताळा

इथवर काळ काही वर्षांपर्यंत अरुंद झालेला असतो, आणि तसा तो झाल्यावरच ग्रंथालयात जावे. नाहीतर जुन्या अंकांच्या ढिगात दिशा सापडत नाही. अनावरणाच्या आसपासचे ‘केसरी’ आणि ‘ज्ञानप्रकाश’चे अंक, 1920 पासूनचे ‘किर्लोस्कर’, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांच्या सूची, पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मुंबईतील राज्य पुराभिलेखागार ही शोधाची ठिकाणे. नगरपालिकेच्या ठरावांच्या वह्या आणि स्मारक समितीचे जमाखर्च यांना मी वर्तमानपत्रांपेक्षा अधिक वजन देतो, कारण ओतकामाचा हप्ता कोणत्या तारखेला दिला हे हिशेबाच्या वहीत लिहिलेले असते, तर बातमीत भाषणेच जास्त असतात.

आठवी पायरी: नोंद

नोंदीत शिल्पाचे नाव, शिल्पकार, शिल्पाचा काळ, फोटोत दिसणारी अवस्था, छायाचित्रकार, फोटोचा काळ, प्रिंटचा काळ, माप, पाठीवरचा मजकूर अक्षरशः, आणि प्रत्येक निष्कर्षाचा आधार असे रकाने ठेवावेत. पाठीवरचा मजकूर चुकीचा असला तरी तो दुरुस्त न करता उतरवावा आणि आपले मत वेगळ्या ओळीत द्यावे. नमुना असा: ‘अश्वारूढ शिवाजी महाराज, पुणे. शिल्पकार वि. पां. करमरकर. अनावरण जून 1928. फोटोत ब्राँझचा पुतळा जागेवर. फोटोचा काळ 1928 किंवा नंतर. आधार: पुतळा चबुतऱ्यावर उभा. सावली उत्तरेकडे, म्हणून अनावरण समारंभाचा नाही. पाठीवर पेन्सिलीने: शिवस्मारक, पुणे, 1921.’ छायाचित्रकार समजला नसेल तर रकाना रिकामा सोडू नये, ‘अज्ञात’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या माणसाला शोध झाला होता हे कळते.

हक्क आणि साठवण

शिल्पावरचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) आणि छायाचित्रावरचा स्वामित्वहक्क वेगळे असतात. भारतीय कायद्यानुसार शिल्पाचा हक्क शिल्पकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. करमरकरांचे निधन 1967 मध्ये झाले, म्हणून त्यांच्या शिल्पांवरचा हक्क 2027 अखेरपर्यंत आहे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करायला कायद्याने सूट दिलेली आहे, पण स्टुडिओतल्या मातीच्या आकृतीला किंवा खाजगी संग्रहातल्या शिल्पाला ती लागू होत नाही. छायाचित्रकाराचे वारस माहीत असतील तर त्यांची लेखी संमती घेणे हा सभ्य मार्ग आहे.

मूळ प्रिंट आम्लविरहित कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवावा. बाजारातली वास येणारी पीव्हीसीची पाकिटे आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे. नोंद क्रमांक पाकिटावर, फोटो आत घालण्याआधी, मऊ पेन्सिलीने लिहावा. हवेतील आर्द्रता 30 ते 50 टक्के असणे उत्तम, जे कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात घरी साधत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर खोके बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर न ठेवता आतल्या खोलीतल्या लाकडी नसलेल्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. स्कॅनची एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे आणि एक, नोंदीसह, त्या पुतळ्याच्या गावातील वाचनालयाकडे द्यावी.